रातपाळी, खोली नंबर दोन

दोन वाजून दहा. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात
टीव्ही उंच टांगलेला, हात पुरत नाही,
रिमोट मी इथं यायच्या आधीच हरवलेला.
पडद्यावर एक बाई गाजर कापते आहे.
मग काकडी. मग, का कोण जाणे, चपलेचा तळवा.
सुरी तशीच धारदार.

लेतूबाई आत्राम खाली सतरंजीवर पाय पसरून.
सुनेची कळ आली की नजर आतल्या दाराकडे,
कळ ओसरली की पुन्हा गाजराकडे.
'काहून व सिस्टर,
हे बाई रातभर कापूनच रायली.
जेवते कवा?'

मीही विचारलं होतं एकदा.
वादळात छत्री फिरली तेव्हा
प्रफुल नगराळे आला होता ती सरळ करायला.
दोन वर्षं तो मुंबईला एका चॅनलच्या
काचेच्या खोलीत बसून पहाटेपर्यंत बटणं दाबायचा,
मग कावीळ घेऊन गावी परतला.
शिडीवरूनच बोलला, ओठांत स्क्रू धरून:

'ताई, रात्र म्हणजे पडीत वावर.
बंद ठेवलं तरी उपग्रहाचं भाडं सुटत नाही,
काळा पडदा दाखवाले बी पैसा लागते.
चांगलं काही टाकलं तर पाहीन कोण?
मोजायचे डबे ज्या घरात बसवले
ते घरं अकराले झोपते.
मंग कोणी सुरीवाला येते, कोणी नशिबाचा खडा विकणारा,
म्हणते, बारा ते सहाचं वावर द्या मक्त्यानं.
देऊन टाकतात. पैसा आधीच हातात.
आपण फक्त कॅसेट लावाची.'

'आणि आपल्या तालुक्यात किती डबे?'

तो हसला.
एक स्क्रू खाली पडला, तो अजून सापडला नाही.

नाल्यापलीकडं मोटारी सुरू झाल्या आहेत.
या आठवड्यात थ्री फेज रात्री बारानंतर,
हरभऱ्यात बॅटऱ्या हलतात,
कोणीतरी कोणाला तरी पाण्याचं पाट फोड म्हणून ओरडतं.
मुक्कामी गाडीचा कंडक्टर डोक्याला मफलर बांधून
बाटली भरायला आला
आणि भरलेली बाटली हातात धरून
गाजर बघत उभाच राहिला.

पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतं,
ऑफर संपायला फक्त दहा मिनिटं.
ती संपतात. पुन्हा दहा येतात.
तीन वर्षं झाली मला या केंद्रात,
ती ऑफर काही संपलेली नाही.

आत पायल खाटेची दांडी आवळून विचारते,
'अजून किती व बाई?'
मी हातमोजा चढवत म्हणते, झालंच, दहा मिनिटं.
मघाशीही हेच म्हणाले होते. त्याच्या आधीही.
आता ती माझ्याकडे बघत नाही,
छताच्या पंख्याकडे बघते.
ओळखलंय तिनं.

तीन चाळीस. मुलगी. दोन किलो सातशे.
रडायला तिनं जरा वेळ घेतला,
आणि तेवढ्या वेळात
बाहेरचा आवाज खणखणीत ऐकू आला:
आत्ताच फोन उचला!

लेतूबाईनं खरंच उचलला होता.
नंबर कंडक्टरनं लावून दिला.
पलीकडं माणूस कोणी नव्हतं,
नुसतं वाजत होतं काहीतरी, पिपाणीसारखं.
ती मात्र नीट थांबली, वाजणं जरा हलकं होईपर्यंत,
मग मोबाइल तोंडापाशी आडवा धरून,
नाल्यापलीकडं हाक घालावी तशी बोलली:
'पोरगी झाली व माय आमच्या घरी.
लय झालं तुह्यं. झोप आता.'

पडद्यावर तिनं पुढचं भेदरं उचललं.