लाभ

संत्री मोजताना पहिल्याला एक म्हणायचं नसतं.
लाभ, म्हणायचं.
मग दोन, मग तीन.
बापानं मला शिकवलं, बापाला त्याच्या मुकादमानं.
एका झोक्यात पाच फळं,
तीन उजव्या हातात, दोन डाव्यात,
वीस झोक्यांचा शेकडा,
आणि शेकड्याला एक फळ बाजूला, खूण म्हणून.
वरुडच्या रस्त्याला टिनाच्या शेडखाली
अठरा वर्षं झाली, आंबिया आणि मृग,
दोन्ही बहार माझ्या हातांखालून गेले.

अडचण एवढीच की
शेडला कुलूप लागतं, मला लागत नाही.
जेवताना मी घास मोजतो,
अंथरुणात पडलो की वरच्या टिनाचे खिळे,
पंख्याच्या फेऱ्या तर मोजताच येत नाहीत,
तरी मोजतो.
निर्मळा कूस बदलते.
"आता कोनाचा टरक भरून राह्यले?"
कोणाचाच नाही.
पोरीच्या नर्सिंगची फी, साळ्याचे उसने आठ हजार,
बोअरचं पाणी किती फुटांवर गेलं,
डावा गुडघा,
सगळ्याचा अंधारात ढीग लागतो
आणि मी लाभ म्हणून हात घालतो.

देवाजी गोंडाणे, सरकारी दवाखान्यातले जुने कंपाउंडर,
पहाटे पाचला विहाराचं कुलूप काढतात.
खताचं धुतलेलं पोतं माझ्यासाठी अंथरलं.
"काही करू नोको. नाकाच्या दाराशी बस.
हवा आत जाते थंडी घेऊन,
बाहेर येते थोडी गरम होऊन. तेवढं पाह्य."
"मोजू का?"
"नोको मोजू."

मी मोजलं.
वीस मिनिटांत दोनशे चौऱ्याऐंशी.
सांगितलं तर हसले,
"मंग, माल कुठं पाठवाचा?"

नंतर पायरीवर चपला घालताना
त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला.
अंगठा तर्जनीवर हळूच घसरत होता,
काही नसलेलं पुढे सरकवत.
"तीस वर्षं गोळ्या मोजल्या गड्या, दहा-दहाच्या पुड्या.
रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, बोट अजून हालते."
"मंग इतकं बसून काय झालं?"
"हालते ते दिसते आता."

एवढ्यावर मी रोज जातो.
कधी डास चावतो, कधी मोर्शीकडचा ट्रक
गावाबाहेर उगाच हॉर्न मारतो,
कधी वीस मिनिटं फक्त फीच्या हप्त्यांत जातात
आणि शेवटची अर्धी मिनिट
मिशीवर हवा लागल्याचं कळतं.

काल शेडमध्ये
अडतीसाव्या शेकड्यात, हातात पाच फळं असताना
मला माझा श्वास ऐकू आला.
सालींचा वास त्यात होता,
आणि आकडा नव्हता.
समोर ट्रकवाला, मागे हमाल,
आणि माझ्याकडे कुठलाच आकडा नव्हता.

मुनीम बोलायचं ते बोलला.
माझ्या आईपर्यंत गेला नाही, एवढंच.
पोरं हसली, बाळकृष्ण म्हणाला,
"काका, झोपले का उभ्या उभ्या?"
आधी असतो तर मी टोपलं लाथाडलं असतं,
रात्री तीनपर्यंत मुनीमाला उत्तरं दिली असती
टिनाकडे पाहत.
कानशिलं तापली, ते कळलं.
जीभ टाळूला चिकटली, तेही.
खुणेची फळं मोजली, सदतीस.
चालू शेकडा मोडून पुन्हा ढिगात ढकलला,
दोन फळं गडगडत चाकाखाली गेली,
वाकून काढली.

लाभ.

रात्री निर्मळानं विचारलं, आज किती?
मी सांगितलं, एकदा चुकलो.
ती थोडा वेळ गप्प राहिली,
मग म्हणाली, फीची तारीख अठरा आहे.
ठाऊक आहे, म्हटलं.
पंखा फिरत होता.
मी तीनपर्यंत गेलो बहुतेक,
की चारपर्यंत.