भेटींची वही

भेटींची वही मी पेन्सिलीनं लिहिते.
माझ्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी बजावलं होतं, शाईनं लिही.
ते अकरा महिने टिकले.
त्यानंतर कुणी काही सांगितलं नाही.
हे डॉक्टर पाचवे.

ला पाझच्या या उंचीवर हवा विरळ.
परदेशी पाहुणे जिन्यावर धापा टाकतात,
त्यांना आम्ही कोकाच्या पानांचा चहा देतो.
आमच्या माणसांना असलं काही लागत नाही.
पण या आठवड्यात ओस्वाल्दो इरियार्ते
दुसऱ्या मजल्यावर येताना
दोनदा थांबला, कठड्याला धरून.

सोमवारी त्यानं विचारलं, अगदी सहज,
बाहीवरची धूळ झटकावी तसं,
"नेमेसिया, गेल्या गुरुवारच्या बैठकीत
माझं नाव आहे का गं?"
आहे, म्हटलं. बैठक तुम्हीच बोलावली होती.
"मला आठवतंय, मी तेव्हा कोचाबाम्बाला होतो."
मग मलाही आठवलं.
खोडरबराचा चुरा तळहातानं गोळा केला
आणि कुंडीत टाकला.
त्या कुंडीतलं रोप बरंच वाढलंय.

पत्रकारांना तोंड देणारी लिदिया.
तिच्या खणात तीन निवेदनं तयार आहेत:
डॉक्टर राहिले तर,
डॉक्टर गेले तर,
आणि तिसरं, ती स्वतः गेली तर.
टाइप करायला माझ्याकडेच आली होती.
तिसऱ्यात एकही चूक नव्हती.

कर्नल आंतेसाना दारापाशी उभे असतात.
आधी त्यांची पाठ दाराकडे असे, तोंड जगाकडे.
बुधवारपासून तोंड दाराकडे आहे.

घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
मी या इमारतीत उलटंच पाहत आले.
आधी वासे फिरतात, आवाज न करता,
एकेक, जेवणाच्या सुट्टीत.
घराला महिन्याभरानं कळतं.

खालच्या मजल्यावर उपाध्यक्षबाई बसतात.
तिथली कॉफी अचानक
सगळ्यांना आवडायला लागली.

बेलिसारिओ उर्किसोनं मात्र
राजीनामाबिजीनामा दिला नाही.
डॉक्टरांच्या थोरल्या मुलाचा तो धर्मपिता.
त्यानं फक्त टेबलावरचा फोटो नेला,
दोघांचा, तितिकाकावरच्या होडीतला,
पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडलेले.
काच पुसून आणतो म्हणाला.
टेबलावर फोटोएवढा चौकोन
अजून धुळीविना आहे.

शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टर स्वतः बाहेर आले.
बेल नाही, निरोप नाही.
"आज अजून कोण आहे?"
सहा नावं होती. सहाही मी वाचली,
नुसती नावं नव्हे, हुद्द्यांसकट, सावकाश.
त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली,
आजारी माणूस डॉक्टरचं ऐकतो तशी.

मग वही उचलली
आणि खिडकीकडे तिरकी धरली.
इयिमानीच्या बर्फावर शेवटचं ऊन होतं.
त्या उजेडात कागदावरचे वळ वर आले,
गुरुवारचे, त्याआधीच्या गुरुवारचे.
नुकतं अक्षर लागलेल्या पोरासारखे
ते बोट फिरवत वाचत राहिले.
"तू फार दाबून लिहितेस," म्हणाले.
सवय आहे, म्हटलं.

दुपारी दोनला खालून फोन आला होता.
सोमवारी नऊला वही घेऊन ये.
ते मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलंही नाही.
फोनवर मी काय बोलले असेन?
एवढंच, की हीच आणू, का कोरी?

त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली.
शनिवारचं पान रिकामं होतं.
सकाळी दहा, या ओळीसमोर
त्यांनी माझं नाव लिहिलं,
नेमेसिया तार्की, पूर्ण,
अगदी हलक्या हातानं.
खोडायला सोपं जावं म्हणून.