मुद्देमाल क्रमांक ४१७

डुलुथच्या कोर्टाखाली, तळघरात,
एकोणीस वर्षं मी जप्तीच्या वस्तू सांभाळतो.
प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी:
कुठून, कुणी, किती वाजता.
बाहेर सरोवरात खनिजाचं जहाज भोंगा देतं
आणि मांडणीतल्या बाटल्या किणकिणतात.

वॉरंट होतं टीव्हीसाठी.
बावन्न इंची, चोरीचा, काळ्या चौकटीचा.
सही करताना न्यायाधीशबाईंनी
घर, मजला, वस्तू, सगळं नेमकं लिहून घेतलं होतं.
पोरं पहाटे गेली व्हर्ना टोलेफसनकडे,
पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं.
इथवर ठीक.
मग हॉगननं शिवणयंत्राच्या खणातून
बटणांचा डबा काढला
आणि झाकण उचकटलं.

बावन्न इंची टीव्ही
बिस्किटांच्या जुन्या डब्यात मावतो का हो?
बचावाच्या वकिलीणबाईंनी एवढंच विचारलं
आणि खाली बसल्या.

बटणांखाली सात पुड्या होत्या.
खऱ्या. मीच नोंदवून घेतल्या.
नातवाच्या, रोरीच्या, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.
निकाल आला:
डबा उघडायचा अधिकार नव्हता,
म्हणून डब्यातलं काहीच कोर्टापुढे येणार नाही.
सापडलं ते सापडलं नाही.
रोरी जिना उतरून गेला,
टोपी उलटी घालून, शीळ घालत.

त्या संध्याकाळी हॉगन खाली आला.
कॉफीला नको म्हणाला.
"तूच सांग, एइनो. तुझ्या बहिणीचा आर्ने
ह्याच पावडरीनं तर..."
वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं.
मी पुरं केलं नाही.

मला त्याचं पटलं. हे लिहून ठेवतो.
पटलं, आणि आठवलं
आर्ने गेल्याच्या दुसऱ्या सकाळी
बहिणीच्या घरात शिरलेले चौघे.
कागद नव्हता, घाई होती.
तिनं दार उघडलं, कारण टकटक झाली की
माणूस दार उघडतो.
आर्नेची वही त्यांनी मोठ्यानं वाचली.
एक जण हसला.
त्या हसण्यावर सुनावणी कुठली?
आरोपीच उरला नव्हता,
मग पुरावा वगळायचा कुणासाठी?

पुड्या भट्टीत गेल्या.
डबा परत द्यायचा होता.
व्हर्ना आली मार्चच्या बर्फातून,
हातमोज्यानंच सही केली,
मग हातमोजे काढून
बटणं टेबलावर ओतली.
शिंपल्याची, हाडाची,
कुणा खलाशाच्या कोटाची पितळी,
दोन दोन करत बाजूला सारली.
दोनशे बारा.
माझ्या नोंदीतही दोनशे बारा.

"तेरा होती," ती म्हणाली.
"निळसर एक. नवऱ्याच्या लग्नातल्या सदऱ्याचं.
सगळ्या पांढऱ्यांत ते मी चुकून लावलं होतं."
मी म्हटलं, बाई, नोंदीत तर...
"नोंद तुमची,
तुम्ही मोजायला लागलात तेव्हापासूनची."

दारापाशी थांबून म्हणाली,
"पोराला मी काढलं घरातून.
मी काढू शकते. माझं घर आहे."

ती गेल्यावर गुडघे टेकून
मी मांडण्यांखाली बॅटरी फिरवली.
धूळ, रबरबँड, एक मेलेला पतंग.
चारशे अठराच्या खोक्याला कोपऱ्यात फट होती,
बटण जाईल एवढी.
लाख शाबूत. खटला दुसऱ्याचा.
बोट घातलं असतं तर कळलं असतं,
कुणाला कळलंही नसतं.

उजेड त्या फटीवर बराच वेळ धरला.
मग विझवला,
आणि वर जाऊन अर्ज भरायला बसलो.
वस्तू: बटण, एक, निळसर.
ठिकाण: खोका चारशे अठरा.
संशयास आधार, ह्या रकान्याशी
पेन अडलं.
शेवटी लिहिलं:
बाईंनी सांगितलं.