आडभिंती

बोवी ट्रेसीच्या खाणीतला कोळसा काळा नाही,
तपकिरी. नखाने निघतो,
पाणी मारून विझवलेल्या ओंडक्यासारखा.
एक्सेटरला नेऊन आम्ही तो आम्लात ठेवतो, तीन दिवस.
माती जाते, वाळू जाते,
जे कशालाच बधत नाही ते बसतं तळाशी :
चिमूटभर काजळी.
तिच्यात बुरशीचे बीजाणू,
तीन कोटी वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी ओल्या पानावरचे.

मिस एंडाकॉट चष्मा कपाळावर ठेवून सांगतात,
आईबाप विचारू नकोस.
पेशी मोज. आडभिंती मोज.
छिद्र आहे का, कुठल्या टोकाला.
कोण कुणाचं, ते कोळशाला माहीत नाही.

मी लिहिते :
पेशी चार. आडभिंती तीन, मधली जाड.
टोकाला छिद्र एक, टाचणीने पाडल्यासारखं.
लांबी एकतीस मायक्रॉन.
कूळ अज्ञात.
मग पुढचा रकाना.

पुस्तकात प्रजाती म्हणतात. पण मंगळवेढ्याला
कानडे बाईंनी आम्हाला 'जात' असंच शिकवलं,
आणि हात अजून तेच लिहायला जातो.
शाळेच्या दाखल्यावर हा रकाना
अण्णांनी दोनदा कोरा सोडला होता.
तिसऱ्यांदा हेडमास्तरांनी भरला,
कागदाच्या मागे उमटेल इतकं दाबून.
इथे तो भरायला नुसत्या भिंती मोजायच्या.
हसू आलं.
मग नाही आलं.

सतरा नंबरचा वेगळा होता.
दोन पेशी, फिकट, जवळजवळ पाण्याचा,
काचेच्या कडेला एकटा.
दोन दिवस त्याच्यावर घालवले. चित्र काढलं, ठिपके देऊन.
मनातल्या मनात नावही ठेवलं, सांगणार नाही.

मिस एंडाकॉटनी एकदाच डोळा लावला.
"हा आजचा आहे गं. जुने रापलेले असतात.
खोलीत ओल आहे का तुझ्या?"
आणि पेन्सिलीने सतरावर रेघ.

फोर स्ट्रीटवर, खाटकाच्या दुकानावर माझी खोली.
रात्री व्हिनेगरचं फडकं घेऊन खिडकीशी गेले.
चौकटीपासून छतापर्यंत
काळे ठिपके, एकमेकांना खेटून.
फडकं हातातच राहिलं.

याचे आईबाप, चुलते, पोरंबाळं,
सगळे इथेच होते.
मोजायला बसले तर सकाळ झाली असती.