नंतरची भर

करावे गावात, तळ्यामागच्या गल्लीत,
घर क्रमांक एकशे अकराच्या ओट्यावर
मी टेप सोडली. दुसरं टोक धरायला
हसुराम माधवी स्वतः आले, लुंगी खोचून.
वीस फूट चार इंच.
दारापाशी टेप अडली. चपलांचा ढीग.

शासन निर्णय माझ्या पिशवीत होता:
मिठागर कामगारांचे पुढारी कै. गोमा माधवी
यांचे राहते घर संपादित करून
मूळ स्वरूपात जतन करावे.
खाली सही, सहीखाली आणखी एक सही,
आणि 'मूळ' या शब्दाखाली
साहेबांची पेन्सिलीची रेघ.

मूळ म्हणजे सन एकोणीसशे एकतीस.
ते घरात शोधायला मला दोन दिवस दिलेत.

पश्चिमेची मातीची भिंत: मूळ.
मधला वासा: मूळ, वाळवीसकट.
कौलं नंतरची, आधी पेंढा होता,
हे हसुरामच सांगतात.
मला वाटलं होतं, लपवतील.
मोरी नंतरची.
संडास साडेबारा टक्क्यांच्या पैशातला,
निळ्या फरशीवर उडी मारणारे दोन डॉल्फिन.
देव्हाऱ्यातला लाल बल्ब. फ्रीजखालची वीट.
भिंतीवर पेन्सिलीनं,
'प्रणिता, चार फूट एक, गणपती २०११.'
सगळं उजवीकडे लिहीत गेलो,
रकान्याचं नाव
नंतरची भर (काढून टाकावी).

कमळीवहिनींनी चहा ठेवला,
कागदात वाकून बघितलं,
"आन आमी कंच्या रकान्यान?"

मी बशीत चहा ओतला. एरवी मी कपानंच पितो.

हसुराम हसले. म्हणाले,
"शहर आला तवा पन मोजाया आलते,
साखळी घेऊन, खाजनान.
तवा कोनी नाय इच्यारला, मूळ काय."
मग म्हणाले, आजा या घरात झोपायचाच नाही.
मिठागराच्या बांधावर झोपायचा, राखणीला.
घरी यायचा तो फक्त भाकरीपुरता,
उंबऱ्यावर बसून खायचा,
पायांच्या भेगांत मीठ, म्हणून आत येत नसे.

उंबरा बघितला. काळा कडप्पा.
बसवल्याला सहा वर्षं झाली.
कुठे लिहायचं ते मला माहीत होतं
आणि मी लिहिलं नाही.

दिवेलागणीला प्रणिता ऐरोलीहून कामावरून आली,
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात मेथीची जुडी.
मी तेव्हा तिच्या रेघेसमोर उभा होतो:
भिंत मूळ, पेन्सिल नंतरची,
आणि खोडरबर माझ्याच खिशात.

टेप अजून जमिनीवर पसरलेली होती.
तिनं चपला काढल्या,
झोपलेल्या माणसाला ओलांडू नये
तशी टेपला वळसा घालून
आत गेली.