नववं आवर्तन

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठ जण.
शिंगाची चार बटणं पुरुष, शिंपल्याची तीन बायका;
चौथी हरवली, तिच्या जागी पाच पेन्सांचं नाणं.
दोन रांगा, समोरासमोर.
पहिल्या जोडीला मी बोटाने मधून खाली नेते,
वर आणते, रांगेबाहेरून वळवते,
आणि शेवटी दर वेळी नाणं
पुरुषांच्या रांगेत जाऊन उभं.

चाल ऑस्बर्ट थ्वेटची.
चाळीस वर्षं स्वेलडेलमध्ये बांध रचले त्याने,
चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड.
आता गुडघे गेले, म्हणून फिडल.
चाल अशी जुन्या वळणाची की वाटावं
पणजोबांच्या लग्नातही हीच वाजली असेल.
आहे गेल्या महिन्यातली.
आणि आठ आवर्तनांत संपायची ती दुसरी ओळ
नऊ घेते.

"एक काप," मी फोनवर म्हटलं,
"पाय आठच मोजतात."
तो म्हणाला, "बांधात मी ससा जाईल एवढं भोक ठेवतो.
ते बुजव म्हणालीस कधी?"
आणि फोन ठेवला.

मग मी बुजवत बसले.
टाळी घालून पाहिली. एक गिरकी. किंचित झुकणं.
सगळं ठिगळासारखं दिसलं.

गुरुवारी हॉलमध्ये सहाच जण आले.
रांगेत दोन खुर्च्या लावल्या, एकीवर माझा कोट,
आणि लोकांनी इमानदारीने
कोटाच्या बाहीला उजवा हात दिला.
पहिल्या फेरीत क्लेमेंट खुर्चीवर आदळला.
दुसरीत सगळे डावीकडे गेले;
डावी कुणाची, एवढंच ठरलं नव्हतं.
तिसरीत चहाचा बंब शिट्टी घालायला लागला
आणि मी पुढचं ओरडायचं विसरले.

नववं आलं.
क्लेमेंट आल्डरसन आणि हेटी मेटकाफ,
गाड्या कुठे लावायच्या त्या भांडणापासून
दोन वर्षं एकमेकांशी न बोललेले,
हातात हात घेऊन अडकले.
सोडावा की धरावा?
बघत राहिले नुसते.
फिडल त्यांच्यामधून
अंग चोरून पलीकडे गेलं,
मग सम आली, आणि पाय आपसूक सुटले.

"हात केवढे गार तुझे," हेटी म्हणाली.
क्लेमेंट कपबशा मांडायला गेला.

वहीत टाळी खोडली, गिरकी खोडली.
लिहिलं: नववं, काही नाही. हात सोडू नये.

रात्री पुन्हा बटणं.
नवव्याला बोट उचललं, कुठेच टेकवलं नाही,
आणि नाणं, कसं ते मला अजून कळलेलं नाही,
एक घर खाली, आपल्याच रांगेत.

नाव ठरायचंय. ऑस्बर्टला विचारायची सोय नाही,
तो ससाच म्हणणार.

झोपताना आठवलं,
कोट हॉलमध्येच राहिलाय, खुर्चीवर,
उजवी बाही जरा पुढे.