राखून ठेवलेला डाव

सकाळी सव्वाआठला इन्क्युबेटर उघडते.
बेड नंबर बावीस. दस्तगीर मुल्लाणी, वय चौतीस,
शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर.
घोट्यावर वितळलेलं बीड उडालं,
त्याला आज एकोणीस दिवस.

प्लेटवर लूप टेकवून उचलला
तर तार सुटली, बोटभर,
गुऱ्हाळात पाक आला का बघतात, तशी.
वास मात्र गुळाचा नाही.

दुसऱ्या प्लेटवर कागदाच्या सहा चकत्या.
चकतीभोवती मोकळं रिंगण पडायला हवं,
औषधाला भिऊन जंतू जेवढे मागं सरतात तेवढं.
पट्टी घेऊन मी रिंगण शोधते.
नाही.
सायीसारखं दाटून आलंय सगळं,
चकतीच्या कडेला खेटून,
कुस्ती सुटल्यावर हौद्यात गर्दी शिरते तसं.

बाबांच्या तालमीत मला आत जायची मुभा नव्हती.
दाराशी उभी राहून मी नुसते कान द्यायची:
ढाक, कलाजंग, घिस्सा, एकचाक.
प्रत्येक डावाला तोड असते, बाबा पोरांना सांगायचे,
आणि रोज थोडा थोडा मार खाऊन जो उठतो
तोच तोड शिकतो.
म्हणून वस्ताद एक डाव राखून ठेवतो.
कुणालाच न दाखवलेला.
बाबा गेले, त्यांचा त्यांच्यासोबत गेला.

आपण कुठं राखला?
सर्दीला दिला, तापाला दिला,
"स्ट्राँगमधलं द्या" म्हणणाऱ्याला काउंटरवरून दिला,
म्हशीची कास सुजली तेव्हा दिला,
आणि पोल्ट्रीत तर धडधाकट पिल्लांनासुद्धा,
खाद्यातून, वजन भरावं म्हणून.
साऱ्या गावाला डाव दाखवत सुटलो.
कोपऱ्यात बसून कोण बघत होतं
ते कुणी बघितलं नाही.

माझ्या पर्समध्येही एक पाकीट आहे.
पाचातल्या तीन घेतल्या, घसा सुटला,
दोन राहिल्या.
टाकवत नाहीत. तारीख अजून आहे.

शेवटचं कोलिस्टिन.
त्याची कुस्ती बारीक खळग्यांत लावतात.
पाणी नितळ राहिलं तर औषध जिंकलं.
खिडकीच्या उजेडात धरते.
चष्मा पुसून पुन्हा धरते.
गढूळ. पहिल्यापासून शेवटच्या खळग्यापर्यंत.

रिपोर्टच्या खिडकीशी शमशाद सातपासून उभी,
हातात स्टीलचा डबा.
इंग्रजी तिला वाचता येत नाही,
पण पोरीच्या पाटीवरची अक्षरं ओळखते.
बोट वरून खाली फिरवत नेते.
आर. आर. आर. आर.
"समदीकडं आरच हाय की ओ मॅडम."
मग चेहरा जरा उजळतो.
"आर म्हंजे आराम न्हवं?"

मागची बाई आपला कागद पुढं सरकवते.
माझ्या तोंडाकडं बघत शमशाद म्हणते,
"डबा गरम हाय तवर
वर न्हेऊ का?"